मिरज ते कर्नाल: खारट रानातल्या गव्हाच्या मागावर

मिरज स्टेशनवर सामान गाडीत चढवताना आप्पांच्या पिशवीत एक जड पुडकं हाताला लागलं. सोडून बघितलं तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली माती. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला दीड एकराचा तुकडा आहे, तिथली. "तितं जाणती माणसं असत्यात, त्यास्नी दावतो," आप्पा म्हणाले, आणि पुडकं परत धोतरात गुंडाळून ठेवलं.

मी शाळेत होते तेव्हा हाच तुकडा आमचा सगळ्यात कसदार होता. पुढं कृष्णेचं पाणी आलं, ऊस आला, पाणी आहे म्हणून देत राहिलो, आणि भूजल हळूहळू वर चढलं. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी फक्की दिसायला लागली. मग काळी माती चिकट, चोपण झाली. आता तिथं ऊस गुडघाभर होऊन पिवळा पडतो आणि गव्हाच्या ओंब्या पोकळ राहतात. देशात अशी सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन खारावलेली किंवा चोपण आहे, त्यातली साधारण सहा लाख महाराष्ट्रात. आकडा मला पाठ आहे, कारण त्यातला दीड एकर आमचा आहे.

खारट जमिनीतल्या गव्हाबद्दल जे जे हाती लागलं ते मी गेली दोन वर्षं वाचत होते, आणि दर वेळी एका नावाशी येऊन थांबत होते: खारचिया. आप्पांना म्हटलं, तो गहू जिथला आहे तिथं जाऊ, आणि त्याच्यावर काम करणारी माणसं जिथं आहेत तिथंही जाऊ. मार्चचा पहिला पंधरवडा ठरवला, म्हणजे पीक उभं सापडेल.

दिवस पहिला: मारवाड जंक्शन

मिरजेवरून राजस्थानात थेट जाणाऱ्या गाड्या आहेत. त्यातल्या एकीनं आम्ही पहाटे मारवाड जंक्शनला उतरलो. या गावाचं जुनं नाव खारची, आणि गव्हाचं नाव या गावावरून. नावातच खार आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी मिठाईचं दुकान असलेले शेठ मूळचे पाली जिल्ह्यातले. त्यांनी मेव्हण्याला फोन केला होता, म्हणून उतरायची सोय घरातच झाली. अंगणात पाय ठेवला तसे घरातले म्हातारे बासा उठून उभे राहिले, "राम राम सा" म्हणाले आणि आप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघांचं वय जवळपास सारखंच. आप्पांचं हिंदी रेडिओवर ऐकलेल्या बातम्यांपुरतं, बासांची बोली मारवाडी. तरी दहा मिनिटांत दोघं विहिरीच्या पाण्यावर बोलत होते.

पहाटे अंगावर चादर लागत होती, दुपारी अंगणात पाय ठेवता येत नव्हता. तुम्ही जाणार असाल तर शेतात जायचं ते सकाळी दहाच्या आत, नाहीतर चारनंतर. मुक्कामाला हॉटेल हवं असेल तर पाली शहरात राहा, तिथून इकडं यायला तासाच्या आत जीप पोचते. पिण्याचं पाणी विकत घ्या. भूजल कसं आहे ते पुढं सांगतेच.

दिवस दुसरा: छातीला लागणारा गहू

सकाळी बासांच्या धाकट्या मुलानं विहिरीचं पाणी काढून ओंजळीत दिलं. तोंडात घेतलं आणि थुंकावं लागलं. मीठ टाकलेल्या वरणाच्या पाण्यासारखं. "यही पानी देते हैं," तो म्हणाला. पाठीमागं गहू उभा होता.

मी आयुष्यभर कमरेखालचा गहू बघितलाय. हा माझ्या छातीला लागत होता. काडी बारीक, लांब कुसळं, ओंब्या एका बाजूला कललेल्या. आप्पा वाकले आणि बुडातली माती बोटानं उकरली. वर पापुद्र्यासारखी पांढरी खपली, अगदी आमच्या तुकड्यासारखी. त्यांनी खालची पानं वर धरून मला दाखवली: टोकाकडून तपकिरी, जळाल्यासारखी. पण वरचं शेवटचं पान, ओंबीला लागून असतं ते, हिरवंगार. मग त्यांनी एक ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कुसळं उडवली. अकरा-बारा लालसर दाणे राहिले. एक दाताखाली धरला. "भरलाय," म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

इथल्या शेतकऱ्यांनी खाऱ्या पाण्यावर गहू घ्यायची एक रीत बसवली आहे. रब्बीत गव्हाला हे पाणी द्यायचं आणि पावसाळ्यात रान मोकळं सोडायचं. पावसाचं गोडं पाणी साठलेलं मीठ खाली घेऊन जातं, मग पुन्हा पेरायचं. पाऊस नीट झाला नाही तर त्या वर्षी त्या रानात गहू नाही. म्हणजे एकटं बियाणं इथंही काम करत नाही, रानाला दिलेली विश्रांती त्याच्या जोडीला आहे. आमच्याकडं वर्षाचे बारा महिने जमीन ओली असते, तिला विश्रांती कधी मिळतच नाही. हे आप्पांच्या लक्षात माझ्या आधी आलं.

किती पिढ्या इथल्या माणसांनी खारात तगलेल्या झाडांचंच बी पुढच्या साली पेरलं असेल. कुठल्याही संस्थेच्या आधीची ही निवड आहे. या स्थानिक गव्हापासूनच पुढं खारचिया ६५ हा वाण निघाला. आज जगात कुठंही गव्हाच्या क्षारसहनशीलतेचा प्रयोग लागला की शेजारी तुलनेला खारचिया पेरायची पद्धत आहे.

दुपारी त्याच गव्हाची रोटी, गेल्या सालच्या दाण्याची. जाडसर, थोडी लालसर, आणि तव्यावरून उतरताना गोडसर वास. वर तूप, बाजूला गूळ, केर-सांगरीची भाजी, ताकाचा तांब्या. शेवटी याच गव्हाच्या दलियाची लापशी. बासांच्या सूनबाई म्हणाल्या की पीक कमी येतं म्हणून विकायला दुसरा गहू करतात, पण घरात खायला हाच लागतो. मला वाटतं हा वाण टिकला तो या चवीमुळं. दोन किलो पीठ त्यांनी बांधून दिलं, पैसे घेतले नाहीत.

दिवस तिसरा: दिल्ली, आणि रात्रीचं वादळ

रात्रीच्या गाडीनं दिल्ली, तिथून बसनं कर्नाल. वाटेत मुरथलला पराठ्यावर लोण्याचा गोळा, आणि आप्पांचं मत की लोणी बरं आहे, पराठा आपल्या थालीपिठापुढं काही नाही. सोनिपतपासून दोन्ही बाजूंना गहू सुरू होतो तो संपतच नाही. सगळा एका उंचीचा, कापून काढल्यासारखा.

संध्याकाळी थंडी होती. कर्नालला मार्चमध्ये स्वेटर लागतो, बरोबर ठेवा. रात्री अकराच्या सुमाराला वारा सुटला, मग गडगडाट आणि अर्धा तास जोराचा पाऊस. उत्तरेत या दिवसांत असा पाऊस पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर येतो. आप्पा खिडकीशी उभे राहून म्हणाले, "ओंबी भरायच्या टायमाला पाऊस. वाईट झालं."

दिवस चौथा: कछवा रोड

केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था कर्नालच्या कछवा रोडवर आहे, १९६९ सालची. आधी पत्र पाठवून भेटीची वेळ घेतली होती. तुम्हीही तसंच करा, थेट फाटकावर जाऊन उभं राहू नका. मार्चमध्ये किसान मेळावा असतो, त्याची तारीख विचारून घेतलीत तर एका दिवसात सगळं बघायला मिळतं.

आम्हाला फिरवायला आली ती पीएचडी करणारी एक मुलगी, परभणीची. आप्पांचं धोतर बघून तिनं लांबूनच "काका, कुठले तुम्ही?" विचारलं, आणि आप्पांचा चेहरा उजळला. चार दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मराठीत बोललं होतं.

सिमेंटच्या भिंती घातलेले छोटे छोटे वाफे होते. एकेका वाफ्यातली माती ठरलेल्या सामूवर (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल आहे त्याचा आकडा) राखलेली, कुठं ८.५, कुठं ९.३. प्रत्येकात ओळीनं वेगवेगळे गहू. रात्रीच्या वादळानं काय केलं ते तिथं समोर पडलं होतं: खारचियाच्या ओळी आडव्या. लांब काड्या एकमेकींवर, ओंब्या चिखलात. शेजारची बुटकी ओळ ताठ उभी, नुसती पानं ओली.

"ताई, आमचं अख्खं काम या दोन ओळींमध्ये आहे," ती म्हणाली. खारचिया मीठ सोसतो, पण उंच असल्यामुळं लोळतो, तांबेरा घेतो आणि उतारा कमी देतो. नवे बुटके वाण भरपूर पिकतात, पण खारात मान टाकतात. म्हणून खारचिया ६५ आणि डब्ल्यूएल ७११ या पंजाबी वाणाचा संकर केला, आणि १९९० साली केआरएल १-४ आला. त्याचा पीबीडब्ल्यू २५५ शी संकर करून २००० साली केआरएल १९. पुढं केआरएल २१० आणि २१३. सामू ९.२-९.३ पर्यंत हे वाण पीक देतात. म्हणजे १९६९ ला संस्था उभी राहिली आणि या घराण्यातला पहिला वाण शेतकऱ्याच्या हातात पडायला एकवीस वर्षं गेली. मी घाईनं विचारत होते, "नवीन काय आलंय?" हे ऐकल्यावर तो प्रश्न मी बंद केला.

मग तिनं जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण वाचून मला कधी एवढं स्वच्छ कळलं नव्हतं. जमिनीत पाणी असतं, पण त्यात मीठ विरघळलेलं असल्यामुळं मुळाला ते ओढता येत नाही. झाडाच्या लेखी तो ओल्या मातीतला दुष्काळ. वाढ लगेच खुंटते ती यामुळं. दुसरा मार हळूहळू बसतो: सोडियम पानात साठत जातं आणि जुनी पानं टोकाकडून जळतात. चांगला गहू मुळातून वर निघालेला रस पानात पोचायच्या आत त्यातलं सोडियम मागं काढून घेतो आणि पोटॅश वर जाऊ देतो.

ही सोय पोळीच्या गव्हाला एका रानगवताकडून मिळाली आहे. हा गहू तीन गवतांच्या मीलनातून बनला, त्याची गुणसूत्रं ४२. त्यातला गुणसूत्रांचा एक संच, 'डी' घराणं, त्या रानगवताकडून आला; त्याच्या चौथ्या गुणसूत्रावर सोडियम अडवणारं जनुक बसलंय. आमचा बन्सी गहू, रवा-शेवयांचा, त्याच्यात हे 'डी' घराणंच नाही, म्हणून तो खाराला लवकर हार खातो. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एका जुन्या रानटी नात्यातल्या गव्हाचं तशाच कामाचं जनुक साध्या संकरानं बन्सीच्या जातीत आणलं, तेव्हा खारट रानात उतारा २५ टक्के वाढला. ते २०१२ साली प्रसिद्ध झालं. आप्पांनी मध्येच विचारलं, "मग त्येच आमाला द्या की." ती हसली नाही. म्हणाली, "काका, तुमची माती आधी बघू."

पुडकं सुटलं. तिनं माती वाळवून चाळली, एक भाग मातीला दोन भाग शुद्ध पाणी घालून बाटली हलवत ठेवली. अर्ध्या तासानं त्यात सामू मोजायच्या यंत्राची कांडी बुडवली. आकडा सरकत सरकत ९.१ वर थांबला. ईसी, म्हणजे विरघळलेल्या मिठाचं माप, मात्र कमी होती.

म्हणजे आमचं रान नुसतं खारट राहिलेलं नाही, चोपण झालंय. हा फरक मोठा आहे आणि आमच्या गावात कोणी करत नाही, सगळ्यालाच क्षारपड म्हणतात. खारट जमिनीत मीठ जास्त असतं, निचरा करून गोड्या पाण्यानं धुतलं की ते जातं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणाला चिकटलेलं असतं. कण सुटे होतात, भोकं बुजतात, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. नुसतं पाणी सोडून धुवायला गेलं तर ती आणखी बिघडते. तिथं जिप्सम लागतं: जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकतं, मग ते सोडियम चरीतून बाहेर काढायचं. वाण हा त्याच्या पुढचा भाग. कुंडीत मीठपाणी घालून निवडलेला गहू चोपण रानात बऱ्याचदा टिकत नाही, कारण तिथं मिठाबरोबर साचलेल्या पाण्याशीही झगडायचं असतं. म्हणून तर हे वाफे.

अशा जमिनीचे दोन तुकडे असतील तर दोन्हींची माती वेगळी तपासा. एका हाताच्या खोलीपर्यंतची, चार-पाच ठिकाणची मिसळून घ्या. आम्ही एकाच जागची आणली होती, आणि ती चूक तिनं लगेच दाखवली.

दिवस पाचवा: चिमटा आणि कागदी पिशवी

कर्नालमध्येच भारतीय गहू आणि जव संशोधन संस्था आहे. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा गव्हाचा संकर होताना बघितला. एका प्लॉटवर एक बाई गुडघ्यावर बसल्या होत्या. फुलं उमलायच्या आतली ओंबी त्यांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली, मधली बारकी फुलं काढून टाकली, उरलेल्यांची वरची टोकं कात्रीनं छाटली. मग टोकदार चिमट्यानं एकेका फुलातून तीन हिरवट पुंकेसर बाहेर काढले. तीन म्हणजे तीनच. एक राहिला तर ते फूल स्वतःच्याच परागानं फळणार. ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवली, पिनेनं बंद केली, वर तारीख लिहिली. दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाची ओंबी आत उलटी धरून पराग झाडायचा. एवढ्या कष्टातून ओंबीला थोडेसेच दाणे. त्यातून पुढं पिढ्यान्‌पिढ्या निवड, आठ-दहा वर्षं. वेळ वाचावा म्हणून उन्हाळ्यात हेच बी हिमाचलात लाहौलच्या दलंग मैदानला नेऊन वर्षात दुसरं पीक घेतात. आप्पा त्या बाईंच्या शेजारी उकिडवे बसले ते उठायला तयार नव्हते.

दुष्काळाच्या गव्हाची गोष्ट तिथंच ऐकली. सी ३०६ हा वाण १९६५ चा, उंच, एखाद-दुसऱ्या पाण्यावर येणारा, आणि चपातीला अजून त्याच्यासारखा नाही असं इथले लोक सांगतात. कमी पाण्यात तग धरणारं झाड ओळखायची एक रीत फार आवडली. दुपारी बंदुकीसारखं दिसणारं तापमापक पिकावर धरतात. ज्या झाडाची मुळं खोल जाऊन पाणी ओढतात त्याचं पान घाम आल्यासारखं थंड राहतं, ज्याला पाणी मिळत नाही ते तापतं. दोन अंशांचा फरक आमच्यासमोर दिसला. जमिनीखालची मुळं न खणता वरून कळतात.

इथलं बियाणं घेऊन जायचं का, हा आमचा खरा प्रश्न होता. उत्तर सरळ मिळालं. केआरएल वाण उत्तरेच्या लांब थंडीसाठी आहेत, पिकायला १४० दिवसांच्या पुढं घेतात. आमच्याकडं फेब्रुवारीच्या मध्याला ऊन तापतं, गहू ११० दिवसांच्या आत हातात यावा लागतो. उत्तरेचा वाण आमच्या उन्हात दाणा भरण्याआधी करपेल. शिवाय त्यांची माती गाळाची, आमची काळी, फुगणारी. मराठी मुलखासाठी नेत्रावतीसारखे कमी पाण्याचे वाण निफाडच्या संशोधन केंद्रानं दिले आहेत. त्यांच्यात खाराची ताकद आणायची तर संकर आणि निवड आमच्याच मातीत व्हायला हवी. हे काम कोणीतरी लावून धरावं असं मला मनापासून वाटतं. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडं एवढी चोपण रानं पडून असताना त्यांच्यासाठी घडवलेला गहू नसणं बरोबर नाही.

संध्याकाळी कुंजपुऱ्याला गेलो, कर्नालपासून जवळच आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी ही गढी घेतली तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती लागला होता. पुढं तीन महिन्यांनी पानिपतावर तेच सैन्य उपाशीपोटी लढायला उतरलं. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर पानिपतच्या 'काला आम'ला, त्या लढाईच्या स्मारकाशी, थांबलो. स्मारकाच्या कुंपणापलीकडं चारी बाजूंनी गहू. आप्पांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि मग सवयीनं कडेच्या रानातली एक ओंबी वाकवून दाणे मोजले.

घरी

पालीच्या पिठाच्या पोळ्या आईनं केल्या. पहिली तव्यावर टाकली तसं म्हणाली, "ह्याला आपल्या जुन्या गव्हाचा वास हाय." तिच्या माहेरी पूर्वी एक उंच, लालसर गहू असायचा. बी कधी गेलं ते कोणाला आठवत नाही.

शिरोळकडं बऱ्याच जणांनी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून रानं सोडवली आहेत. पुढच्या आठवड्यात आप्पा आणि भाऊ ते बघायला जाणार आहेत. खर्च मोठा आहे, त्यामुळं शेजारच्या चौघांना बरोबर घेतल्याशिवाय चर कुठं काढायचा हेच ठरत नाही. त्यातले दोघे तयार झालेत. हिरवळीच्या खतासाठी धैंचाचं बी सांगून ठेवलंय, जूनमध्ये पेरून फुलावर येताना गाडायचा. तुकड्याच्या पाच जागांची माती मी काल काढली. पाच पिशव्या पडवीत वाळत आहेत, आणि प्रत्येकीवर आप्पांनी खडूनं खूण केली आहे: बांधाकडली, विहिरीकडली, मधली, ओढ्याकडली, आणि जिथं काहीच येत नाही तिथली.